साजाटोल्याची दहावी

साजाटोला, केशोरीजवळ
१४ जुलै २०२४

ती. बाबूजींस,
रिंकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि इथे टॉवर अर्धंच येतं. म्हणजे आपलं बोलणं पाव होतं. तेव्हा पत्रच बरं. शिवाय पत्रात तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडू शकत नाही, हा फायदा वेगळा.

मी इथे रुजू झाले आणि आठवड्यातच प्रभारी मुख्याध्यापिका झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे, कौलं धड आहेत, हापशीला गोड पाणी आहे. गणिताचे शिक्षक मात्र दोन वर्षांपासून नाहीत. मागच्या वर्षी दहावीची निम्मी मुलं नापास झाली. तालुक्याच्या साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की यंदाही असाच निकाल लागला आणि नववीत मुलं आली नाहीत, तर नववी-दहावी इथून उचलून मोठ्या गावच्या शाळेला जोडतील. तिथे जायला जंगलातून रस्ता आणि एसटी दिवसातून दोनदा. मुलगे जातील सायकलने. मुलींचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

आणि शाळेत मुलीच जास्त आहेत. दहावीत सत्तावीस जण, त्यांत एकोणीस मुली. मला आधी नवल वाटलं, मग रोज सकाळी पिवळी बस पाहिली तेव्हा कळलं. ज्याच्या घरी दोन लेकरं, त्याचा मुलगा त्या बसने इंग्रजी शाळेत जातो आणि मुलगी पायी आमच्याकडे येते. मी ज्यांच्याकडे खोली घेतली ते उमरावजी कापगते कोहळी समाजातले मोठे शेतकरी, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचाही नातू अश्विन बसमध्ये आणि नात नीतू माझ्या दहावीत. त्यांची बायको धुरपताबाई दोघांना एकाच ताटात वाढते, एवढीच काय ती बरोबरी.

बाकीची मुलं गोंड टोल्यातली, ढिवर मोहल्ल्यातली आणि बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली. घरी कोणी गोंडी बोलतं, कोणी बंगाली, दोघी-तिघी छत्तीसगढी. वर्गात सगळ्यांची मिळून एकच भाषा आहे, ती म्हणजे गप्प बसणे. नीतू तेवढी बोलते, ती सगळ्यांच्या वाट्याचं बोलते.

तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलं, हेडमास्तर होऊन निवृत्त झालात. सुरुवात कुठून करू ते लिहा. तुमचे जावई धनेंद्र गोंदियात मजेत आहेत, शनिवारी मी जाते. मायला नमस्कार. आपला लोभ आहे हे ठाऊक आहे, उत्तर येईल का तेवढी शंका.

आपली,
रिंकी


बोदलकसा, ता. तिरोडा
२८ जुलै २०२४

चि. सौ. रिंकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. पाव बोलण्याचा हिशेब बरोबर मांडला आहेस, तेवढं तरी माझ्याकडून शिकलीस. कानाचं यंत्र डब्यात ठेवलं आहे. ते लावलं की शिट्टी वाजते आणि मला वाटतं कोणीतरी कुकर चढवला. तुझी माय दोनदा उठून स्वयंपाकघरात पाहून आली.

आता कामाचं. धानाची रोवणी संपेपर्यंत कोणाला काही शिकवायला जाऊ नकोस. हजेरीवर चिडू नकोस. पोरगी सकाळी पऱ्ह्यांच्या पेंड्या उचलून दुपारी वर्गात पेंगत असेल, तर पेंगू दे. रोवणी झाली की दर रविवारी एका टोल्यात जा. चहा मिळेल तिथे पी, उपदेश करू नको. कोणाच्या घरी अभ्यासाला दिवा कुठे लागतो, पोरगी पाणी भरून किती वाजता मोकळी होते, एवढं पाहा. मुलांचा पत्ता कळल्याशिवाय गणित पोहोचत नाही.

इकडे धानाचे पऱ्हे बरे आहेत. जलाशय भरत आला आहे. माय म्हणते की खोलीत एकटी भात करून खात असशील तर लाखोरीची डाळ पाठवते. पाठवायची का, हे विचारण्याची तिची पद्धत म्हणजे डबा भरून झालेला आहे.

पत्रोत्तराची वाट पाहणारा,
इंदरलाल पटले


साजाटोला
२२ सप्टेंबर २०२४

ती. बाबूजींस,
शि. सा. न. वि. वि.

डाळ मिळाली, धुरपताबाईंनी निम्मी पळवली.

तुमचं ऐकलं. चारही टोल्यांत फिरले. गोंड टोल्यातली प्रेमिला मडावी सकाळी तीन गाईंचं करून, धाकट्या दोघांना अंगणवाडीत सोडून शाळेत येते. वर्गात अजून एक शब्द बोललेली नाही. घरी मात्र आजीशी गोंडीत इतकी भांडत होती की मला आधी दुसरीच मुलगी वाटली. बंगाली कॅम्पातल्या टीना मंडलच्या वडिलांनी मला रसगुल्ला दिला आणि हात जोडून सांगितलं की पोरगी हुशार आहे, पण मराठीत हुशार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. घटक चाचणीत नऊ मुलं अगदीच खाली आहेत. आमचे जुने शिक्षक शालीकराम सर भले माणूस आहेत, शाळेवर त्यांचा जीव आहे. त्यांनी सुचवलं की या नऊ जणांचं नाव शाळेतून कमी करून त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावू. बाहेरून परीक्षेला बसतील, शाळेच्या निकालात मोजले जाणार नाहीत. बाकीचे अठरा पास झाले तर शंभर टक्के निकाल, साहेब खूश, दहावी वाचली. सर म्हणतात की पुष्कळ ठिकाणी असं करतात आणि कोणी विचारत नाही. उमरावजींनाही पटलं आहे. समितीची बैठक दसऱ्यानंतर आहे.

ते नऊ जण कोण, हे मी तुम्हाला सांगितलं नाही तरी कळेल. एकही कोहळी घरातला नाही, ना कापगते ना लंजे. गोंड टोल्यातले चार, कॅम्पातले तीन, ढिवर मोहल्ल्यातले दोन. प्रेमिला आणि टीना दोघीही त्यांत.

मला ते बरोबर वाटत नाही. पण शाळा गेली तर एकोणीस मुलींचं आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांचं काय, हाही प्रश्न आहेच. मी दोन दिवस नीट जेवले नाही. काय करू?

आपली,
रिंकी


बोदलकसा
२ ऑक्टोबर २०२४

चि. रिंकीस,
अ. उ. आ.

आधी जेव. उपाशी माणसाची बेरीज चुकते.

माझं मत विचारलंस म्हणून लिहितो, गोड वाटणार नाही. शालीकराम सरांचं ऐक. नाव कमी झाल्याने ती मुलं शिकायची थांबत नाहीत, परीक्षा त्यांना देता येईलच. तू त्यांना वर्गात बसू दे, शिकव. फक्त निकालाच्या कागदावर ती नसतील. शाळा टिकली तर पुढच्या वर्षी सुधारता येईल. शाळाच नसेल तर कोणाला सुधारशील? नाव बुडायला लागली की आधी ओझं कमी करतात.

मी हेडमास्तर म्हणून लिहितो आहे, बाप म्हणून नाही. बाप म्हणून लिहायचं तर तिथून बदली मागून गोंदियाला ये, एवढंच लिहिलं असतं.

निर्णय तुझा. काहीही ठरवलंस तरी माझी माया कमी व्हायची नाही.

इंदरलाल


बोदलकसा
५ ऑक्टोबर २०२४

रिंकीले मायचा आशीर्वाद.

ते अ. उ. आ. लिवनं मले जमत नाई. पुरा आशीर्वाद घे. तुये बाबूजी बांधीवर गेले, म्हनून हे पत्र मी लिवून राहिलो. जवळच्या पोष्टात नाई टाकत, गावच्या मास्तरीनबाईच्या हातानं तिरोड्याहून टाकतो, तुया बाबूजीले कळू नोको देऊ म्हनत नाई, मीच सांगीन.

तुया बाबूजीनं तुले काय लिवलं, ते मले वाचून दाखवलन. मले रागच आला. तुले मी कधी सांगतलं नाई, पन आता सांगतो. मी सातवी पास होती. माया गावात सातवीवरी शाळा. पुढची शाळा तिरोड्याले. बापानं म्हटलं, पोरगी येवढ्या दूर नाई जाय. झालं. मी ढ नोती. गनितात मले पैकीच्या पैकी भेटत. मले कोनी नापास नाई केलं बाई, मले बसूच नाई देल्लं. नापास झाली असती तं ते नापास होनं तरी माया नावावर राहिलं असतं. मी गेली होती, मी लिवलं होतं, मले नाई आलं, असं म्हनता आलं असतं.

हे मी तुया बाबूजीले त्याईच्या समोर बसून, कानाजवळ जाऊन, जोरानं सांगतलं. शेजारची सुशिलाबाई आंगनात आली का झालं म्हनून. तेव्हापासून तुये बाबूजी मुक्यानं जेवून राहिले.

तू त्या नऊ जनाईले बसव. शाळा जाईन तं जाईन. जाऊ नोको देऊ, पन बसव.

अन् एक. धान कापून झालं का मी तुया बाबूजीले तिकडे धाडतो. दिवसभर खाटेवर बसून पेपर वाचतेत अन् गनिताचे मास्तर म्हनवतेत. तुया शाळेत गनिताचा मास्तर नाई नं? घे मंग.

तुई,
माय


साजाटोला
१९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबूजींस आणि ती. मायस,
शि. सा. न. वि. वि.

दोघांनाही एकच पत्र लिहिते आहे. आता घरात समेट झाला असावा असं समजून.

बैठक झाली. मी सांगितलं की सत्तावीसच्या सत्तावीस मुलं शाळेच्या नावानेच बसतील. शालीकराम सरांनी नऊ नावांची यादी घडी करून खिशात ठेवली. उमरावजी म्हणाले की मॅडम चार महिन्यांपूर्वी आल्या, दोन वर्षांनी जातील, गावाची शाळा गेली तर गावात आम्हालाच राहायचं आहे. यात खोटं काहीच नव्हतं. मी एवढंच म्हणाले की ती नऊ मुलंही गावातच राहणार आहेत. उमरावजी टोपी घालून उठले. सहीचा अधिकार माझा असल्यामुळे फॉर्म माझ्या म्हणण्याप्रमाणे गेले.

तेव्हापासून उमरावजी माझ्याशी बोलत नाहीत. अंगणात समोरासमोर आलो की ते बैलांशी बोलतात. सकाळचा चहा बंद झाला. धुरपताबाई मात्र मागच्या दाराने पेला आणून देतात आणि जाताना म्हणतात की बुढ्याले सांगू नोका. परवा पेला परत न्यायला उमरावजीच मागच्या दाराशी आले. पेला दिला, घेतला.

बाबूजी, मी तुमचं ऐकलं नाही. राग असेल तर इथे येऊन करा. निवडणुकीच्या ड्युटीत अर्धे शिक्षक जाणार आहेत, गणिताला कोणी नाही, आणि मला एकटीला आठवी, नववी, दहावी तिन्ही होत नाही. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की या.

वाट पाहते,
रिंकी


साजाटोला
८ डिसेंबर २०२४

रिंकीची माय सौ. जमुना हिस,
सप्रेम आशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचलो, हे तुला फोनवरून कळलं असेल. काय बोललीस ते मला कळलं नाही, पण आवाज खुशीचा वाटला.

शाळा सुटल्यावर पाठीमागच्या खोलीत माझा तास असतो. पहिल्या दिवशीची फजिती लिहितो. मी फळ्यावर एक समीकरण टाकलं आणि उत्तर विचारलं. सगळे एका सुरात काहीतरी बोलले. मी कानाला हात लावला. ते ओरडले. मला नुसता पंख्यासारखा घरघर आवाज. यंत्र लावलं, कुकर चढला. मुलं हसायला लागली. मग मी वैतागून खडू उचलला आणि शेवटच्या बाकावर मान घालून बसलेल्या पोरीच्या हातात दिला. म्हटलं, मला ऐकू येत नाही, तू लिहून दाखव.

ती प्रेमिला मडावी. रिंकी म्हणते की जुलैपासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिने फळ्यावर सगळ्या पायऱ्या मांडून उत्तर काढलं आणि खडू परत दिला. बरोबर होतं. तेव्हापासून नियमच केला की माझ्या तासाला बोलायचं नाही, लिहायचं. ज्यांना मराठी बोलायची लाज वाटते, उच्चाराला कोणी हसेल अशी भीती वाटते, त्यांची माझ्या बहिरेपणाने सोय झाली. कॅम्पातली टीना तर फळ्यावरून उतरतच नाही. नीतू कापगतेची मात्र पंचाईत झाली. आजवर ती मोठ्याने बोलून सगळ्यांच्या पुढे असायची. खडू हातात दिला की मागे पडते. मान खाली घालून बसली होती, मग उठून प्रेमिलाच्या शेजारी जाऊन बसली.

नऊ जणांना गणित येत नाही असं नाही. गणितातल्या गोष्टी येत नाहीत. एक माणूस एवढ्या दराने ठेव ठेवतो, तर मुदतीनंतर काय मिळेल, हे वाचून ‘मुदत’ म्हणजे काय इथेच पोरगी अडते. प्रेमिला आपल्या टोल्यातल्या मुलांना ते गोंडीत सांगते, टीना कॅम्पातल्यांना बंगालीत. मी फक्त उभा असतो. पगार मिळत नाही, तेव्हा उभं राहायला हरकत नाही.

तू ऑक्टोबरात माझ्या कानाशी जे बोललीस, ते नीट ऐकू आलं होतं. या पोरींना पाहून वाटतं की तुला खडू मिळाला असता तर घरात गणिताचा मास्तर दुसराच कोणी असता.

उमरावजी अजून बैलांशीच बोलतात. पण संध्याकाळी अश्विन बसमधून उतरला की त्याला माझ्या तासाला पाठवतात. कोणी पाठवलं असं विचारलं तर तो आजीचं नाव सांगतो.

धानाला ऊन दाखव. तब्येतीला जप. मला विसरू नकोस.

तुझा,
इंदरलाल


बोदलकसा
२ फेब्रुवारी २०२५

रिंकीच्या बाबूजीले जमुनाचा नमस्कार.

तुमाले विसराले का तुमी मंडईतला पाळना हाव? धान विकलं. गाय ब्याली, गोऱ्हा झाला. घरात लगितच शांत आहे, पेपरवाला पेपर टाकते, कोनी वाचत नाई, मी त्याच्यात मिरच्या वाळवतो.

खडूचं लिवलं ते मी दोनदा वाचलं. सुशिलाबाईले बी दाखवलं. ते म्हने, मास्तरजी एवढं गोड लिवतेत काय. मी म्हटलं, दूर गेले तवा लिवतेत.

रिंकी फोनवर सांगत होती का त्या नीतूच्या काकाच्या पोरीचं लगन आहे, अन् नीतूले पंधरा दिवसापासून घरीच ठेवलं. परीक्षा तोंडावर आली नं? लगनात हातभार लावाले दुसरं कोनी नाई काय? पोट्टा असता तं त्याले म्हटलं असतं, जा बापा अभ्यास कर. तुमी उमरावजीले सांगा. ते बैलाशी बोलतेत तं तुमी बी बैलाच्या बाजूनं उभे राहून सांगा.

तिळाचे लाडू धाडले. पोट्ट्यायले द्या, तुमी दोनच खाजा. साखर वाढते.

जमुना


साजाटोला
१६ मे २०२५

ती. मायस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल फोनवर सांगितला, पण बाबूजींच्या आनंदात मला दोन वाक्यंही बोलता आली नाहीत. म्हणून सगळं लिहिते.

सत्तावीसपैकी तेवीस पास. ज्या नऊ जणांची नावं काढायची होती त्यांतले सहा पास. प्रेमिलाला एकाहत्तर टक्के. तिची आजी शाळेत आली आणि माझ्या हातात मोहफुलांची पिशवी ठेवून, गोंडीत पुष्कळ बोलून गेली. प्रेमिलाने त्याचं मराठी केलं ते एवढंच, की आजी बरं म्हणते. नापास झालेल्यांत कॅम्पातले दोन मुलगे एकेका विषयात, आणि टीना. टीनाला गणितात सगळ्यांत जास्त गुण आहेत आणि मराठीत ती गेली. तिच्या वडिलांनी आधीच सांगितलं होतं.

चौथी नीतू. ती नऊ जणांत नव्हती, तिची काळजीच कोणी केली नव्हती. विज्ञानात गेली. मी आणि बाबूजी दोघंही उमरावजींशी लग्नाच्या वेळी बोललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलांकडे पाहून म्हणाले की घरचं कार्य आहे, घरची पोर हवीच.

निकालाच्या दिवशी दुपारी घरात भांड्याचाही आवाज नव्हता. नीतू आतून कडी लावून बसली. तिचे वडील म्हणाले की झालं तेवढं शिक्षण पुरे, आता घरी राहू दे. एटीकेटीवर अकरावीला जाता येतं हे मी सांगितलं, तर म्हणाले की नापास ती नापास. उमरावजी ओसरीवर बसले होते. धुरपताबाई बाहेर आल्या, भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवऱ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या की पोरीनं पंधरा दिवस तुमच्या घरच्या लग्नातले मोठाले गंज घासले, आता जुलैत पेपर आहे, तो एक तर तुमी द्या नाई तं तिले देऊ द्या.

उमरावजींनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले. म्हणाले की मॅडम, मी परक्याची पोरं मोजत बसलो, घरची राहून गेली. मग मुलाला हाक मारून सांगितलं की जुलैपर्यंत नीतूला कोणी कामाला हात लावू द्यायचा नाही, ते स्वतः लक्ष ठेवतील.

आता प्रेमिला रोज दुपारी नीतूकडे विज्ञान घेऊन येते. पहिले दोन दिवस ओसरीवर बसल्या. तिसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं, बाहेर ऊन लागतं म्हणाल्या. या घरात गोंड टोल्यातलं कोणी स्वयंपाकघरापर्यंत गेल्याचं मला तरी ठाऊक नाही. आता दोघी चुलीपाशी बसून आम्ल आणि आम्लारीचं पाठ करतात आणि धुरपताबाई चिंचेत सोडा टाकून फेस दाखवतात.

साहेबांचा निरोप आला. नववी-दहावी यंदा इथेच. गणिताचे शिक्षक लवकरच मिळतील असंही म्हणाले. हे ऐकून बाबूजींनी आपली गादी उन्हात टाकली. लवकरच म्हणजे किती वर्षं, हे त्यांना माहीत आहे.

तुझी माया अशीच राहो, आणि तुझं ओरडणंही.

तुझी,
रिंकी


साजाटोला
३१ जुलै २०२५

सौ. जमुना हिस,
सप्रेम आशीर्वाद.

पुरवणी परीक्षेचा निकाल लागला. नीतू पास. दोन्ही मुलगे पास. काल नीतू आणि प्रेमिला अकरावीत नाव घालायला एकाच एसटीने गेल्या. उमरावजी त्यांना बसवायला गेले आणि कंडक्टरला दोघींची नावं सांगून आले, जसं काही तो रोज हजेरी घेणार आहे.

नववीत यंदा पंचवीस आले. मागच्या वर्षी अठरा होते. दोघं पिवळ्या बसमधून उतरून आले आहेत. अश्विन नाही, तो बसमध्येच आहे. पण माझ्या तासाला येतो, आणि आता कोणी पाठवलं म्हटलं तर आजोबांचं नाव सांगतो. शालीकराम सर रोज माझ्याआधी येऊन फळा पुसून ठेवतात. मागचं कोणी काढत नाही.

माझं सामान बांधून झालं होतं. रोवणी तू एकटीने केलीस, मला वाईट वाटतं, दहा तारखेच्या रविवारी निघायचं ठरलं होतं. पण टीना राहिली. मराठीत पुन्हा गेली, तीन गुणांनी. एटीकेटीवर तिला अकरावीत बसता येईल, पण मार्चमध्ये तो पेपर काढावाच लागेल. काल तिचे वडील तिला घेऊन आले आणि मला ‘बाबूजी, काहीतरी करा’ म्हणाले. म्हणजे असं त्यांनी कागदावर लिहिलं, तेही बंगालीत, टीनाने त्याखाली मराठी लिहिलं. त्यात चार चुका होत्या.

आता मी काय करू? गणित असतं तर प्रश्न नव्हता. पोरगी वाचते, पण तिच्याशी मराठीत कोणी बोलतच नाही. घरी बंगाली, मैत्रिणी अकरावीत गेल्या, रिंकीला शाळेचं ओझं. आणि माझ्याशी बोलून काय उपयोग? माझ्या तासाला न बोलण्याचं सुख होतं, तेच तिला आता नडलं. तिला रोज दोन तास कोणीतरी बोलणारं माणूस हवं आहे. सतत बोलणारं, समोरच्याला उत्तर द्यायला लावणारं, गप्प बसू न देणारं. असं माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

रविवारी येऊ का नको ते कळव. तुझा राग सोसायला तयार असलेला,

इंदरलाल


बोदलकसा
४ ऑगस्ट २०२५

रिंकीच्या बाबूजीले जमुनाचा नमस्कार.

पत्र भेटलं. मले का समजत नाई, तुमी मले बडबडी म्हनून राहिले ते? समजते. पन खरं आहे तं राग कायले करू?

रविवारी येऊ नोका. त्या पोरीले अर्ध्यात सोडून आले असते तं मीच तुमाले घरात घेतलं नसतं. रोवनी झाली. गाय सुशिलाबाईकडे देल्ली, दूध तिचं, शेन बी तिचं. पुढच्या हप्त्यातल्या बुधवारच्या गाडीनं मी येऊन राहिलो.

रिंकी फोनवर हासत होती. म्हने, माय, तू बोलशीन तं टीना पेपरात काऊन अन् कायले लिवीन, मंग मार्क कोन देईन? मी म्हटलं, तुया पुस्तकातले शब्द तू शिकव. मी तिले भांडाले शिकवतो. भांडता आलं का भाषा आली.

रिंकीले सांगजा, भात जास्तीचा टाक. टीनाले सांगजा, त्या बुधवारी दुपारी एसटीवर मले घ्याले येजो, अन् एकटीच येजो. रस्त्यानं मी जे विचारीन, त्याचं उत्तर तोंडानं द्या लागन.

बाकी समोर बसून बोलतो.

जमुना